फणसाची पेटी

खोली बघायला येणारी माणसं आधी न्हाणीघर बघतात, मग खिडकीतून समुद्र दिसतो का ते विचारतात. ह्या माणसाने खिशातून टेप काढली आणि भिंतीला लावली. लांबी मोजली, रुंदी मोजली, दुपारचं ऊन फरशीवर कुठपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारली. मग म्हणाला, "ही उत्तरेकडची भिंत चांगली आहे. इथे तो राहील."

मी म्हटलं, "तो म्हंजे कोण? तुमी एकटेच मां रवतल्यात?"

"साप आहे."

"मेलेलो काय जितो?"

"जिवंत. साडेतीन फूट आहे, अजून वाढेल. विषारी नाही."

माझं तोंड कसं झालं ते त्याने बघितलं नाही. तो खाली बसून दाराखालची फट मोजत होता. म्हणाला, "ही बुजवावी लागेल."

"इतकी आवड आसा तुमका सापाची?"

"मला साप अजिबात आवडत नाहीत," तो म्हणाला.

ह्या उत्तरावर मी त्याला खोली दिली. आवडतात म्हणाला असता तर दिली नसती. आवड असलेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. कुत्र्याची आवड, पोपटाची आवड, म्हाताऱ्या आईची आवड. आवड संपली की बांधून ठेवतात आणि विसरतात.

तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता. उभा जन्म दुकानदारांची वजनं आणि काटे तपासण्यात गेला. बायको पूर्वीच वारली होती. साप मुलाने आणला होता, मुंबईतल्या फ्लॅटमध्ये. मग मुलाला कॅनडात नोकरी लागली. मुलगा गेला, साप राहिला. सोसायटीने सभा घेऊन सांगितलं की साप तरी जाईल नाहीतर तुम्ही तरी जा. त्याने कोणाशी भांडण केलं नाही. दोघं जातो म्हणाला आणि निघाला.

मुलाबद्दल मी एकदा विचारलं, "झील परत नेतलो काय तेका?"

"त्याने सापाबद्दल विचारलं त्याला सात महिने झाले."

"मगे सोडून देवा खंय तरी रानात."

दुकानदाराने हलकं वजन पुढे केल्यावर तो जसा बघत असेल, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "तो आफ्रिकेतला आहे. इथे सोडला तर तो मरेल, नाहीतर इथलं काहीतरी मारेल. अंगावर आला आहे, तर नीट ठेवला पाहिजे. आवडण्याचा काय संबंध?"

नीट हा त्याचा शब्द होता. दिवसातून वीसदा यायचा. माझा पलंग माझ्या मापाचा नाही असं त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून गुडघे दुखतात म्हणे. मी म्हटलं, सासूचा पलंग आहे, सासू उंच होती. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा पलंगाचे चारी पाय चार चार बोटं कापलेले होते आणि तुकडे ओळीने खिडकीत मांडून ठेवलेले होते. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. गुडघ्यांना बरं वाटलं हे मी त्याला सांगितलं नाही.

मासळीबाजारात त्याचं कोणाशी पटलं नाही. आमच्याकडे बांगडे वाट्याने विकतात. दहा-बारा बांगडे समोर मांडायचे, हा एक वाटा. तो विचारायचा, "हा वाटा किती ग्रॅमचा?" मासळीवाली म्हणायची, "मेलेल्या बांगड्याक ग्रॅम कित्याक होयेत? खातल्यात काय जोखतल्यात?" बाकीच्या हसायच्या. तो हसायचा नाही, पण वाटा घ्यायचा आणि घरी येऊन माझ्या काट्यावर जोखायचा. मग मला विचारायचा, "ताजे आहेत ना?" कोरोना झाल्यापासून त्याला वास येत नव्हता. दूध नासलं आहे का, गॅस सुटला आहे का, सगळं मला विचारून घ्यायचा. मी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. माझं नाक तेवढं त्याने कधी तपासून घेतलं नाही.

सापाला नाव नव्हतं. शेजारची वयनी साप बघायला आली तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं. तो म्हणाला, "त्याला हाक ऐकू येत नाही. नाव कोणासाठी ठेवायचं?" दुसऱ्या दिवशी वयनी दूध आणि दोन अंडी घेऊन आली. आमच्याकडे जागेचा राखणदार सापाच्या रूपात दिसतो असं मानतात. त्याने दूध परत केलं. साप दूध पीत नाही, आणि हा आफ्रिकेतला आहे, तुमच्या जागेशी त्याचा काही संबंध नाही, असं सांगितलं.

वयनी म्हणाली, "आफ्रिकेच्या तरी खंयच्या जाग्याचो राखणदार आसतलोच मां?"

अंडी त्याने ठेवून घेतली आणि स्वतः खाल्ली.

मग वनखात्याचा एक माणूस आला. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. ह्याने नोंदणीचा कागद दाखवला. त्याला त्याने प्लॅस्टिक चढवून आणलं होतं. परदेशातला, लहान जातीचा अजगर, घाबरला की अंगाचा चेंडू करतो, असं काय काय त्यावर होतं. त्या माणसाने कागद वाचला, चहा घेतला, सापासोबत फोटो काढला आणि गेला.

साप आला तेव्हा मासे ठेवायच्या काचेच्या टाकीत होता. वर जाळीचं झाकण. आल्यापासून खात नव्हता. ह्याच्याकडे बर्फात ठेवलेले उंदीर असायचे, त्यासाठी त्याने वेगळा छोटा फ्रीज आणला होता, कारण माझ्या फ्रीजला हात लावला तर हात तोडीन असं मी सांगितलं होतं. उंदीर कोमट पाण्यात गरम करायचा, चिमट्याने आत धरायचा, साप तोंड फिरवायचा. हा खुर्ची टाकून समोर बसायचा आणि वहीत लिहायचा. सकाळी इतकं तापमान, दुपारी इतकं, हवेत ओल इतकी. सगळे आकडे पुस्तकाप्रमाणे बरोबर आणि साप उपाशी.

सात आठवडे झाले तेव्हा मी म्हटलं, "माका कोणी भरबाजारात काचेच्या खोलयेत बसयल्यान, तर माझ्या घशाखाली घास उतरात काय?"

संध्याकाळी त्याने टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. आठव्या दिवशी साप जेवला, उंदरावर झडप अशी घातली की टाकीची काच वाजली. मला येऊन म्हणाला, "तुमचं निरीक्षण बरोबर होतं." हाताखालच्या शिपायाला सांगावं तसं. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण टाकीचं जमेना. डिसेंबरात पहाटे समुद्रावरून गार वारा येतो, वरच्या जाळीतून सगळी ऊब निघून जायची. वीज गेली की तो गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन धावायचा. मी माझं जुनं जाळीचं कपाट दिलं, ज्यात पूर्वी दूध आणि तळलेली मासळी ठेवायचो. दोन दिवसांत सापाने जाळीवर नाक घासून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी जाळीचा कोपरा उचकटून बाहेर पडला. आम्ही दिवसभर शोधला. शेवटी मला सापडला, माझ्या फ्रीजच्या पाठीमागे, जिथे मशीन गरम असतं तिथे वेटोळं घालून. मी झाडूने दाखवला, हात लावला नाही. त्याने उचलून परत टाकीत ठेवला.

तेव्हा त्याने मला सापाच्या घराचं सगळं शास्त्र सांगितलं. एक बाजू गरम पाहिजे, एक गार. दोन्हीकडे लपायला सारखीच जागा पाहिजे, नाहीतर साप लपण्यासाठी नको त्या बाजूला बसून राहतो. हवा खेळली पाहिजे पण ओल टिकली पाहिजे. दार असं पाहिजे की त्याला ढकलता येणार नाही. "तो आजारी पडला तर बोलणार नाही," तो म्हणाला. "म्हणून दोन्ही बाजू द्यायच्या. तो सरकून सांगतो. आपण तेवढंच वाचायचं."

पुण्याला त्याच्या ओळखीचा कोणी साप ठेवणारा होता. तो फोनवर सांगायचा की प्लॅस्टिकचा मोठा, बंद झाकणाचा डबा घ्या, भोकं पाडा, झालं काम. आमच्या ह्याला ते पटेना. "तो चादरी ठेवायचा डबा आहे. जनावर म्हणजे काय माळ्यावर टाकायचं सामान आहे?" त्याने वहीत चित्र काढलं. चार फूट लांब, दोन फूट खोल, फणसाच्या लाकडाची पेटी, पुढे सरकती काच.

गावातल्या सुताराचा बाप होड्या बांधायचा, तोही बांधायचा. आता सगळ्या होड्या फायबरच्या झाल्या आहेत, तेव्हा त्याला काम नव्हतं. चित्र बघून तो खूश झाला. "माणसांक पेटयो केलंय, देवाक पालखी केलंय. सापाक पयलीच."

"रंग लावायचा नाही," हा म्हणाला.

"बरा."

"पॉलिश नाही, तेल नाही. काहीच नाही. कोरं लाकूड."

"तेल नाय? मगे लाकूड कुसतला."

"कुसू दे. कुसलं की दुसरी करू."

सुतार माझ्याकडे बघायला लागला. आमच्याकडे लाकूड कोरं ठेवणं म्हणजे पोराला न्हाऊ घालून न पुसता वाऱ्यात बसवणं. काजूच्या टरफलांचं काळं तेल काढतात, ते होडीला लावतात, दारांना लावतात, वाशांना लावतात. मग पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही. माझ्या सासऱ्याने लावलेलं दार अजून उभं आहे. ते तेल ओलं असताना हातावर पडलं तर कातडी जळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण सुकल्यावर काही करत नाही. त्या दारावर मी पन्नास वर्षं हात ठेवते आहे.

पेटी झाली. चांगली झाली. सांधा दिसत नव्हता. हा काच कापून आणायला कणकवलीला गेला आणि तीन दिवस तिथेच राहिला, कारण पहिल्या दिवशी कापलेली काच त्याच्या मापाला उतरली नाही.

मी पेटीकडे बघत होते. मे संपत आला होता. त्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला पावसात ओल धरते आणि वाळवी वर येते, तिने माझ्या नवऱ्याच्या फोटोची चौकटसुद्धा खाल्ली आहे. एवढं लाकूड, एवढं काम, आणि चार महिन्यांत भुसा होणार. मी घरातलं तेलाचं डबडं काढलं आणि सुताराला बोलावलं.

तो म्हणाला, "तेनी तेल नको म्हणान सांगितल्यानी."

मी म्हटलं, "तो काय बघता? तेका वास येणा नाय. मार तू दोन हात."

हे माझे शब्द आहेत. बोलले तसे लिहिले आहेत.

"काकी, तुझ्या सांगण्यावर हां," तो म्हणाला, आणि आतून बाहेरून दोन हात मारले. दोन दिवस कडक उन्हात सुकवली. हात फिरवला तर बोटाला काही लागत नव्हतं. हा काच घेऊन आला तेव्हा म्हणाला, "रंग गडद दिसतो." सुतार म्हणाला, फणस सुकला की असाच होतो. ते खरंही आहे. मी भाजी निवडत होते, मी मान वर केली नाही.

त्याने पेटीच्या एका टोकाला, आतून खाली, गरम होणारी चटई बसवली, काच सरकवून बघितली, आणि साप आत सोडला. सगळ्या गावाला बोलावून दाखवली. काचेतून साप छान दिसत होता. हा बाजूला उभा राहून लोकांना तापमान सांगत होता. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी साप गार बाजूला जाऊन काचेला चिकटला. त्याने चटईची ऊब कमी केली. संध्याकाळी साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला. त्याने मला बोलावलं. "काकी, काय वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "नवी जागा आसा. सवय होतली."

त्या दोन दिवसांत मला तेल आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. पण होडी पाण्यात असते, दार सावलीत असतं, आणि ही पेटी तो दिवसरात्र खालून तापवत होता, हे मी जोडून बघितलं नाही. किंवा बघितलं आणि बाजूला ठेवलं. दुसऱ्याला तोंडावर बोलायला मला कधी वेळ लागला नाही. स्वतःचं सांगायचं आलं तेव्हा मी भांडी घासत बसले. हा बिचारा वही काढून बसला. ओल कमी पडते म्हणून त्याने आत पाण्याचा फवारा मारला. साप वर तोंड करून काचेवर डोकं ठेवून राहिला. हा ते वाचत होता आणि चुकीचं वाचत होता, कारण अर्धी गोष्ट माझ्याकडे होती.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने सापाला बाहेर काढलं आणि उलटा करून मला दाखवला. पोटाखालचे खवले लाल झाले होते, जागोजागी फोड आले होते. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात मी लहानपणापासून बघते आहे. मला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

"ही भाजल्यासारखी जखम आहे," तो म्हणाला. "पण चटई तर गार आहे. म्हणजे लाकडाला काहीतरी आहे. सुताराला विचारतो." आणि चपला घालायला लागला.

सुतार माझं नाव घेणार नव्हता. वयाने मोठ्या बाईचं नाव पुढे करणाऱ्यातला तो नाही. शिव्या खाऊन गप्प बसला असता. ते मला माहीत होतं.

मी म्हटलं, "थांबा. सुताराकडे जाव नकात. तेल मी लावूक सांगलंय. काजीच्या टरफलांचा. वाळवी नको म्हणान."

त्याने एक चप्पल घातली होती, एक नव्हती. तसाच उभा राहिला.

"केव्हापासून माहीत होतं?"

"परवापासून मनात इला होता."

"परवा सांगितलं असतं तर परवाच बाहेर काढला असता," तो म्हणाला. घातलेली चप्पल काढत पुन्हा म्हणाला, "दोन दिवस." आणि आत गेला.

ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तोंडाला तोंड दिलं असतं.

सापाला उशीच्या अभ्र्यात घालून तो रिक्षाने कणकवलीला गेला. मला चल म्हणाला नाही, मी जाऊन रिक्षात बसले. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "मी म्हशी बघतो, फार तर कुत्रे." पण माणूस चांगला, त्याने कोणाकोणाला फोन लावले, आणि मग सांगितलं. रोज कोमट पाण्याने धुवायचं, मलम लावायचं. लाकूड नको, माती नको, भुसा नको. रोज पुसता येईल असा प्लॅस्टिकचा डबा, आत कोरा कागद. जखमा भरतील न भरतील. साप खायला लागला तर वाचला समजा, नाही लागला तर नाही.

येताना बाजारात रिक्षा थांबवून त्याने डबा घेतला. चादरी ठेवायचा, निळ्या झाकणाचा, आतलं दिसत नाही असा. घरी आल्यावर खिळा तापवून भोकं पाडायला बसला. हात कापत होते, भोकं वाकडी पडली. तेव्हा मला कळलं की त्याचे हात किती कापतात. पुढे ते फारच वाढलं. शेवटी बहीण येऊन त्याला कोल्हापूरला घेऊन गेली. पण तेव्हा एवढंच होतं की त्याला मलम लावता येईना. बोट जखमेवर आपटायचं आणि साप अंगाचा चेंडू करायचा. चेंडू केला की पोट आत जातं, मग काही करता येत नाही.

तिसऱ्या खेपेला मी पदर खोचला आणि समोर बसले. "तुमी तोंडाकडे धरा. मी लावतंय."

दीड वर्षात मी त्या सापाला बोट लावलं नव्हतं. लोक म्हणतात साप थंडगार, बुळबुळीत असतो. तसं काही नाही. कोरडा होता, आणि जड होता, आणि हातात धरल्यावर आत काहीतरी सारखं चालू असल्यासारखा लागायचा. मी मलम लावायची आणि तो "खाली", "अजून खाली", "बस" एवढंच बोलायचा. दुसरं काही नाही. जेवायला माझ्याकडे यायचा तो बंद झाला, खोलीत भात शिजवून खायचा. मी ताट पाठवलं तर झाकून ठेवलेलं परत यायचं. मी माफी मागितली नाही. माझ्या माफीने कातडी येणार नव्हती.

पेटी सुतार येऊन घेऊन गेला. तिच्यात तो आता खिळे आणि पटाशा ठेवतो. वाळवी लागलेली नाही.

एक दिवस मलम लावताना तो आपण होऊन बोलला, सापाकडे बघत. "लाकूड मला पाहिजे होतं. काचही मला पाहिजे होती. लोकांनी बघावी म्हणून. त्याने मागच्या वर्षीच सांगितलं होतं, काळा कागद लावला तेव्हा. त्याला काळोख पाहिजे होता, बाकी काही नको होतं."

मी म्हटलं, "तेल तरी माझाच."

"तेल तुमचंच," तो म्हणाला. "त्यात वाटणी नाही."

तिसऱ्या आठवड्यात सापाने कात टाकली. पूर्ण निघाली नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघाली, आणि पोटाखाली नवं, गुलाबी, पातळ कातडं दिसायला लागलं. जखमा भरत होत्या. पण खात नव्हता. दर आठ दिवसांनी उंदीर, दर आठ दिवसांनी तोंड फिरवणं. पहिल्या वेळी तो दोन तास डब्याजवळ बसला. दुसऱ्या वेळी तीन तास. पाच वेळा झालं. सापाची पाठ वर आली, कणा दिसायला लागला. ह्याच्याही पाठीचा दिसायला लागला. चिमट्यात उंदीर घट्ट धरता येईना, म्हणून तो सापाच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून द्यायचा.

सहाव्या वेळी तो थांबलाच नाही. उंदीर ठेवला, झाकण लावलं, चारी कड्या बसवल्या. मला म्हणाला, "उघडू नका. उजेड पडला की सोडून देतो." आणि काठी घेऊन समुद्राकडे चालू लागला. थांबून बघणं त्याला नको झालं होतं. दुपार कलली होती, पाऊस उघडला होता. मी डब्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसले, कारण खुर्चीवर बसले असते तर उठून दुसऱ्या कामाला गेले असते.

पाव तास काही नाही. अर्धा तास काही नाही. बाहेर कावळे ओरडत होते, वयनी कोणाला तरी हाका मारत होती. मग आतून आवाज आला. एकच, डब्याच्या भिंतीवर. त्याच्यामागून कागद चुरगळल्यासारखं थोडा वेळ, आणि पुन्हा शांत.

आता झाकण उचलून बघायला किती वेळ लागतो? एक कडी उघडायची, बोटभर वर करायचं, एका डोळ्याने बघायचं आणि परत लावायचं. त्याला कळलंही नसतं. माझा हात कडीपर्यंत गेला, हे मी लपवत नाही. मग मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तशीच बसले. मुंग्या आल्या तरी बसले.

तो आला तेव्हा पायाला वाळू होती. दारातच उभा राहिला. आत येईना.

"उघडून बघितलंत?"

"नाय."

त्याने डब्याकडे बघितलं नाही, कड्या बघितल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं. "मग आजही काही नाही ना?"

"आवाज इलो," मी म्हटलं.

तो हळूहळू खाली बसला, काठी धरून, माझ्यासमोर फरशीवर. "कसा?"

मी हात मांडीखालून काढला आणि तळवा फरशीवर मारला. एकदाच, जोरात.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "परत."

मी परत मारला.